उतारा माझा, नाव दुसऱ्याचं: सर्व्हलेटमधल्या एका फील्डचं प्रकरण

आमचं ॲप्लिकेशन खातेदारांना खात्याचा उतारा पीडीएफमध्ये देतं. त्याबद्दलची तक्रार एका ओळीची होती: उताऱ्यातल्या नोंदी माझ्याच आहेत, पण वर नाव भलत्याच माणसाचं छापलंय. सोबत पीडीएफ जोडलेली. उघडून पाहिली तर खरंच तसं. खाते क्रमांक बरोबर, रकमा बरोबर आणि डोक्यावर परकं नाव. ते नाव आमच्याच यादीतल्या दुसऱ्या खातेदाराचं निघालं तेव्हा पोटात गोळा आला. वेडीवाकडी अक्षरं छापली गेली असती तर फॉन्टवर खापर फोडून मोकळे झालो असतो.

संशय नेहमीप्रमाणे आधी डेटाबेसवर गेला. क्वेरी हाताने चालवली, उत्तर बरोबर. मग कोणीतरी म्हणालं, मधल्या प्रॉक्सीने (आधीची उत्तरं कॅशमध्ये साठवून पुन्हा देणाऱ्या सर्व्हरने) दुसऱ्याची साठवलेली पीडीएफ दिली असेल. पण तसं असतं तर नोंदीही दुसऱ्याच्याच आल्या असत्या. अर्धी फाईल याची आणि अर्धी त्याची, हे काम कॅशचं नव्हे. दोन माणसं एका फायलीत मिसळली, म्हणजे फाईल तयार होत असतानाच मिसळली. हे पहिल्या तासात सुचायला हवं होतं. सुचलं दुसऱ्या दिवशी दुपारी.

मग त्या मिनिटाचा लॉग काढला. आमच्या लॉगच्या प्रत्येक ओळीत थ्रेडचं, म्हणजे प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांपैकी एका धाग्याचं, नाव छापलं जातं आणि नावाच्या शेवटी क्रमांक असतो. १७ क्रमांकाच्या थ्रेडवर तक्रारदाराची रिक्वेस्ट सुरू झाली. ती संपायच्या आत २३ क्रमांकाच्या थ्रेडवर दुसऱ्या खातेदाराची रिक्वेस्ट आली. १७ने बनवलेल्या पीडीएफवर जे नाव होतं, ते २३च्या माणसाचं.

एवढं समजल्यावर कोड उघडायला वेळ लागला नाही. उतारा देणाऱ्या सर्व्हलेटच्या (ब्राउझरच्या रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या जावा कोडच्या) क्लासमध्ये अगदी वर दोन फील्ड, म्हणजे माहिती ठेवायच्या जागा, होती. एक खातेदाराचं नाव धरणारं साधं स्ट्रिंग. दुसरं तारखा वाचण्यासाठी ठेवलेला स्टॅटिक सिंपलडेटफॉरमॅट. गेट रिक्वेस्ट हाताळणाऱ्या डू-गेट मेथडची पहिलीच ओळ सेशनमधून (लॉगिन केलेल्या माणसाच्या सर्व्हरवर ठेवलेल्या माहितीतून) नाव काढून त्या फील्डमध्ये ठेवत होती. मग खाते क्रमांक लोकल व्हेरिएबलमध्ये घेऊन क्वेरी चालायची, आणि शेवटी पीडीएफचा शीर्षभाग छापणारी मेथड फील्डमधलं नाव उचलायची. लिहिणाऱ्याने फील्ड का केलं असेल? छापणाऱ्या मेथडला आधीच सहा पॅरामीटर होते, सातवा द्यायचा कंटाळा आला असेल. मीही हे केलेलं आहे.

आमच्यातल्या एका नव्या मुलीने विचारलं, "पण फील्ड प्रायव्हेट आहे ना?"

"प्रायव्हेट म्हणजे दुसऱ्या क्लासच्या कोडला ते दिसत नाही, एवढंच. इथे क्लास एकच, ऑब्जेक्टही एकच, आणि त्यात एकदम शिरू शकणारे थ्रेड दोनशे."

सगळं प्रकरण या एका गैरसमजावर उभं होतं, म्हणून इथे जरा थांबतो. सर्व्हलेट आपण न्यूने बनवत नाही; कंटेनर, म्हणजे टॉमकॅटसारखा सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर, बनवतो. एका जेव्हीएममध्ये (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेत) एका सर्व्हलेट-नोंदणीमागे तो एकच इन्स्टन्स, म्हणजे एकच ऑब्जेक्ट, तयार करतो, त्यावर इनिट एकदाच बोलावतो आणि ॲप्लिकेशन बंद होताना डिस्ट्रॉय. या दोन टोकांच्या मधे जेवढ्या रिक्वेस्ट येतील त्या सगळ्या त्याच ऑब्जेक्टच्या सर्व्हिस मेथडमधून जातात, आणि एकापाठोपाठ एक नव्हे, एकाच वेळी. टॉमकॅटच्या पूलमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या थ्रेडच्या साठ्यात, मुळात जास्तीत जास्त २०० थ्रेड असतात. म्हणजे नाव लिहायला पाटी एक आणि हात दोनशे. लोकल व्हेरिएबलचं तसं नाही. ती प्रत्येक थ्रेडच्या स्वतःच्या स्टॅकवर असतात. खाते क्रमांक म्हणूनच कधी मिसळला नाही. रिक्वेस्टचं आयुष्य काही मिलिसेकंदांचं, सर्व्हलेटचं काही आठवड्यांचं. थोडा वेळ जगणारी माहिती आम्ही दीर्घायुषी ऑब्जेक्टच्या खिशात ठेवली होती, आणि त्या खिशात सगळ्यांचे हात जात होते.

तर्क पटला तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझ्या मशीनवर दोन वेगळे ब्राउझर उघडले, दोन वेगळ्या नावांनी लॉगिन केलं आणि नाव ठेवणाऱ्या ओळीच्या लगेच खाली ब्रेकपॉइंट, म्हणजे कोड तिथेच थांबवणारी खूण, लावला. इथे एक खाचखळगा आहे. इंटेलिजे या कोड लिहायच्या साधनात ब्रेकपॉइंट मुळात सगळेच थ्रेड थांबवतो. तसाच ठेवला तर दुसरी रिक्वेस्ट पुढे सरकतच नाही आणि बग कधीच दिसत नाही. सेटिंग बदलून फक्त तो एक थ्रेड थांबेल असं केलं. पहिल्या ब्राउझरची रिक्वेस्ट थांबली. फील्डमध्ये पहिलं नाव. दुसऱ्या ब्राउझरमधून उतारा मागितला, त्याला सोडून दिलं, त्याची पीडीएफ अगदी बिनचूक आली. मग पहिल्या थ्रेडवर परत येऊन फील्ड पाहिलं: दुसरं नाव. त्याने एक ओळही चालवली नव्हती आणि त्याच्या पायाखालची माहिती बदलली होती. त्याला पुढे सोडलं आणि तक्रारीतल्यासारखीच पीडीएफ माझ्या डाउनलोड फोल्डरमध्ये येऊन पडली.

मग व्यवस्थापकांचा रास्त प्रश्न आला: हा कोड तीन वर्षं असाच आहे, मग आत्ताच का?

उत्तर खिडकीच्या रुंदीत होतं. नाव ठेवणं आणि नाव छापणं यांच्या मधे जेवढा वेळ जातो, तेवढ्यात दुसरी रिक्वेस्ट आली तरच घोळ होतो. महिन्याच्या उताऱ्याची क्वेरी ५ मिलिसेकंदांत संपायची. समजा, दर वीस सेकंदांना एक रिक्वेस्ट येते. तर ५ मिलिसेकंदांच्या खिडकीत दुसरी येण्याची शक्यता सुमारे चार हजारांत एक. एखाद्याला चुकीचं नाव आलं तरी तो पुन्हा बटण दाबतो, या वेळी बरोबर येतं, विषय संपतो. पण नुकतीच आम्ही पूर्ण वर्षाच्या उताऱ्याची सोय दिली होती. तिची क्वेरी ४०० मिलिसेकंद घ्यायची. खिडकी ऐंशी पट रुंद झाली. त्यात गर्दीच्या वेळी दर चार सेकंदांना एक रिक्वेस्ट धरली, की शक्यता जवळपास दहात एकवर येते. सर्व्हलेटचा कोड कोणी बदलला नव्हता, त्याच्या आजूबाजूचं घड्याळ बदललं होतं. टेस्टिंगमध्ये हे सापडलं नाही यातही नवल नाही. टेस्टर एक, ब्राउझर एक, एका वेळी एकच क्लिक.

दुरुस्ती, तीन वेळा

पहिली दुरुस्ती त्याच संध्याकाळी गेली. डू-गेटच्या आधी सिंक्रोनाइज्ड हा शब्द, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं लॉक. बग गेला, यात शंका नाही. पण ते लॉक ज्या ऑब्जेक्टवर लागतं तो ऑब्जेक्ट सगळ्या जगात एकच, म्हणजे एका वेळी एकच उतारा. ४०० मिलिसेकंदांचा एक धरला तर सेकंदाला जास्तीत जास्त अडीच. काही दिवस ते खपून गेलं. मग वर्षअखेरची गर्दी आली, वार्षिक उतारे सेकंदाला तीनच्या आसपास मागितले जाऊ लागले. दर सेकंदाला अर्धी रिक्वेस्ट मागे राहत होती. हिशेब सोपा आहे: सात मिनिटांच्या आत दोनशेचे दोनशे थ्रेड त्या एका दारापाशी उभे. आणि लॉगिनचं पान, मदतीचं पान, सगळी त्याच पूलमधून थ्रेड घेतात, म्हणून लॉगिनही बंद. जे-स्टॅक या साधनाने थ्रेड डंप (त्या क्षणी कोणता थ्रेड काय करतोय याची यादी) घेतला तेव्हा ओळीने ब्लॉक्ड लिहिलेलं होतं. सगळे एकाच लॉकच्या पत्त्यावर वाट पाहणारे, आणि तो हातात धरलेला एकटा डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहतोय.

दुसरी दुरुस्ती हुशारीची होती, म्हणून जास्त धोक्याची. नाव थ्रेडलोकलमध्ये ठेवायचं. प्रत्येक थ्रेडला स्वतःची प्रत, लॉक नको, पॅरामीटरही नको. एक फिल्टर (प्रत्येक रिक्वेस्टच्या आधी चालणारा कोड) लिहिला, सेशन असेल तर त्यातलं नाव थ्रेडलोकलमध्ये घालणारा. सेशन नसेल तर काहीच न करणारा. या दुसऱ्या वाक्यातच गोम आहे. थ्रेड रिक्वेस्टबरोबर जन्मत नाही आणि तिच्याबरोबर मरतही नाही. तो पूलमध्ये परत जातो आणि पुढच्या कोणाच्याही कामाला लागतो. खिशात आधीचं नाव तसंच. चौथ्या दिवशी निरोप आला की लॉगिन न करता मदतीचं पान उघडलं तर वर कोण्या एकाच्या नावाने "नमस्कार" येतोय. आधी निदान एकाच वेळी काम करणाऱ्या दोघांत घोळ होता, आता अर्ध्या तासापूर्वी निघून गेलेल्या माणसाचं नाव अनोळखी पाहुण्याला दिसत होतं.

थ्रेडलोकल वाईट आहे असं मी म्हणणार नाही, त्याच्या जागी ते ठीकच आहे. पण घालणं आणि काढणं एकाच मेथडमध्ये हवं, आणि काढणं फायनली ब्लॉकमध्ये हवं. मधे एक्सेप्शन (कोड चालताना आलेली चूक) उडालं, लवकर रिटर्न झाला, काहीही झालं तरी खिसा रिकामा करूनच थ्रेड परत गेला पाहिजे. आम्ही फिल्टरमध्ये ते केलं आणि मग थ्रेडलोकलच काढून टाकलं, कारण त्याची गरज नव्हती.

तिसरी दुरुस्ती म्हणजे सातवा पॅरामीटर. खरं तर सातवाही नाही. ते सहा आणि हा एक मिळून "उतारा-विनंती" असा छोटा रेकॉर्ड केला: सगळी फील्ड फायनल, एकदा बनला की बदलत नाही. डू-गेटमध्ये तो लोकल व्हेरिएबल म्हणून जन्मतो, छापणाऱ्या मेथडला दिला जातो आणि रिक्वेस्ट संपली की कचऱ्यात. तारखेचं स्टॅटिक फील्ड सोडलं (त्याच्याकडे पुढे येतो), तर सर्व्हलेटमध्ये उरलं एकच फील्ड: डेटाबेसची कनेक्शनं पुरवणारा डेटासोर्स, इनिटमध्ये एकदा ठेवलेला. तो कनेक्शन पूल अनेक थ्रेडनी एकदम वापरायसाठीच बनवलेला असतो. त्यातून मिळणारं कनेक्शन मात्र फील्डमध्ये ठेवायचं नाही; ते ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये (काम संपताच आपोआप बंद करणाऱ्या ब्लॉकमध्ये) घ्यायचं आणि तिथेच सोडायचं. कोडच्या ओळी मूळपेक्षा कमी झाल्या. लॉक एकही नाही.

१९७० सालचा उतारा

दुसरं फील्ड, तो स्टॅटिक सिंपलडेटफॉरमॅट, कदाचित आमच्या नजरेतून सुटलाही असता. सापडला तो मंद क्वेरींच्या लॉगमुळे. काही क्वेरींमध्ये "पासून" तारीख होती १ जानेवारी १९७०. आमच्या फॉर्मवर तेवढं मागचं साल निवडताच येत नाही.

हा क्लास तारीख वाचताना आपल्या पोटातलं एक कॅलेंडर वापरतो. आधी ते कॅलेंडर पुसतो, मग दिवस, महिना, साल त्यात भरतो, मग त्यातून तारीख काढतो. एका थ्रेडने भरून झालं आणि तारीख काढायच्या आत दुसऱ्याने तेच कॅलेंडर पुसलं, तर पहिल्याच्या हाती पुसलेल्या कॅलेंडरची तारीख येते. ती १ जानेवारी १९७०. कधी दुसऱ्याचा महिना आणि आपलं साल येतं, कधी नंबरफॉरमॅटएक्सेप्शन उडतं. एक्सेप्शन उडालं तर नशीब म्हणायचं, कारण ते लॉगमध्ये दिसतं. चुकीची तारीख गुपचूप पुढे जाते. आणि आमच्या बाबतीत ती पुढे जाऊन खात्याची सुरुवातीपासूनची सगळी नोंद मागत होती. ती क्वेरी ४०० मिलिसेकंदांहून कितीतरी जास्त चालायची, म्हणजे नावाच्या घोळाची खिडकी आणखी रुंद. एक बग दुसऱ्याला खतपाणी घालत होता.

हे ऑब्जेक्ट अनेक थ्रेडनी वाटून घेऊ नये, हे त्या क्लासच्या जावाडॉकमध्येच लिहिलेलं आहे. २०१४मध्ये आलेल्या जावा ८पासून जावा-टाइमचं पॅकेज हाताशी आहे, आणि त्यातला डेटटाइमफॉरमॅटर अपरिवर्तनीय आहे. स्टॅटिक फायनल करून खुशाल ठेवावा. बदल एका ओळीचा वाटतो, पण आम्ही त्यातही ठेचकाळलो. जुना क्लास मुळात ढिला आहे: ३१ फेब्रुवारी २०२३ दिलं की तो तक्रार न करता ३ मार्च धरतो. नवा मुळातल्या स्मार्ट रीतीत तीच तारीख २८ फेब्रुवारीवर आणून ठेवतो. दोन्ही आम्हाला नको होतं, म्हणून कडक रीत लावली. लगेच सगळ्याच तारखा नाकारल्या जायला लागल्या, अगदी सरळ साध्याही. कारण नमुन्यात सालासाठी जुन्या सवयीने चार वेळा वाय अक्षर लिहिलेलं होतं. नव्या क्लासमध्ये त्याचा अर्थ युगातलं साल असा होतो, आणि युग कोणतं ते सांगितल्याशिवाय कडक रीत तारीख बनवत नाही. तिथे चार वेळा यू लिहायचं.

बाकीची झडती

मग सगळ्या कोडची झडती घेतली. स्पॉटबग्ज हे साधन सर्व्हलेटमधली बदलणारी फील्ड आणि स्टॅटिक डेटफॉरमॅट, दोन्ही दाखवतं. ते बिल्डमध्ये घातलं. तरी माणसाच्या डोळ्याला पर्याय नाही. आम्ही प्रत्येक फील्डसमोर दोनच प्रश्न लिहिले: हे कोणाबरोबर जन्मतं-मरतं, आणि तेवढ्या काळात किती थ्रेड याला हात लावतात? लॉकचा विचार त्यानंतर. बहुतेक ठिकाणी तो करावाच लागला नाही.

ॲप्लिकेशनचा अर्धा भाग स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कवर आहे आणि तिथली मंडळी सुरुवातीला निर्धास्त होती, "आमच्याकडे सर्व्हलेट नाहीत" म्हणून. पण स्प्रिंगचा बीन (स्प्रिंगने बनवून सांभाळलेला ऑब्जेक्ट) काही न सांगता सिंगलटन, म्हणजे सगळ्यांत मिळून एकच, असतो. कंट्रोलर सिंगलटन, सर्व्हिस सिंगलटन. तिथे तीन फील्ड सापडली. एकाने एका बीनला प्रोटोटाइप स्कोप दिला होता, दर वेळी नवा मिळेल या समजुतीने. पण तो सिंगलटनमध्ये इंजेक्ट केलेला, म्हणजे स्प्रिंगने आणून बसवलेला, होता. इंजेक्शन एकदाच होतं, म्हणून नवा ऑब्जेक्टही एकदाच झाला आणि मग कायमचा तोच. दर वेळी नवा हवा तर ऑब्जेक्टप्रोव्हायडरकडे दर वेळी मागावा लागतो.

सेशनचं प्रकरण जास्त फसवं. सेशन एका माणसाचं असतं म्हणून ते एका थ्रेडचंही असेल, असं मनात नकळत धरलं जातं. तोच माणूस दोन टॅब उघडतो, किंवा पानावरून एकदम चार एजॅक्स (पान न बदलता मागे जाणाऱ्या) रिक्वेस्ट जातात, आणि चारही थ्रेड एकाच सेशनमधली एकच अरेलिस्ट (बदलता येणारी यादी) हातात घेतात. एक तिच्यात भर घालतोय, दुसरा तिच्यावरून फिरतोय: कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन. आम्ही तिथे न बदलणारी यादी ठेवतो आणि भर घालायची तर नवी यादी बनवून जुनीच्या जागी बसवतो. त्याने एक्सेप्शन थांबलं. पण दोन टॅबनी एकदम भर घातली तर एकाची भर हरवते, हे उरलंच. ते डेटाबेसमध्ये नेऊन सोडवायचं ठरलं आहे, अजून झालेलं नाही.

एके ठिकाणी ईमेल पाठवण्याचं काम मागच्या थ्रेडकडे देताना रिक्वेस्ट ऑब्जेक्टच त्याच्या हाती दिला होता. उत्तर गेल्यावर टॉमकॅट तो ऑब्जेक्ट पुसून पुढच्या रिक्वेस्टसाठी वापरू शकतो. मागचा थ्रेड त्यातून पत्ता वाचेपर्यंत तिथे काहीही असू शकतं. त्या थ्रेडला हवी ती तीन मूल्यं आधीच काढून दिली. हेच मागचे थ्रेड चालवणारा एक्झिक्युटर कोणी बंदच करत नव्हतं. ॲप्लिकेशन पुन्हा डिप्लॉय केलं की जुने थ्रेड जिवंत राहायचे आणि त्यांच्यामागे जुन्या क्लासलोडरसकट (क्लास मेमरीत आणणाऱ्या ऑब्जेक्टसकट) सगळे जुने क्लास मेमरीत. सर्व्हलेटकॉन्टेक्स्टलिसनरमध्ये, सुरू होताना एक्झिक्युटर बनवायचा आणि बंद होताना शटडाउन करायचा, एवढंच लागलं.

जाता जाता: जुन्या लोकांपैकी एकाने सिंगलथ्रेडमॉडेल, म्हणजे एका सर्व्हलेट-ऑब्जेक्टमध्ये एका वेळी एकच थ्रेड सोडायची जुनी सोय, सुचवलं. ते सर्व्हलेट २.४मध्येच, २००३ साली, बाद ठरवलं गेलं आणि जकार्ता सर्व्हलेट ६.०मधून काढूनच टाकलं. असतं तरी सेशन आणि स्टॅटिक फील्डना त्याने हात लावला नसता.

शेवटी एक टेस्ट लिहिली, जी आधी जुन्या कोडवर चालवली. दोन थ्रेड, दोन नावं, आणि खोटी क्वेरी, जी सायक्लिकबॅरिअरपाशी थांबते. दोघंही नाव ठेवून क्वेरीपर्यंत पोचल्याशिवाय कोणीच पुढे जात नाही. थ्रेडला ठरावीक वेळ झोपवून (स्लीप) नशिबावर सोडलेलं काही नाही. जुन्या कोडवर ती दर वेळी पडते, कारण बॅरिअर उघडेपर्यंत दोन्ही नावं एकाच फील्डवर लिहून झालेली असतात आणि दोन्ही पीडीएफवर एकच नाव येतं. नव्यावर हिरवी. सिंक्रोनाइज्ड लावलेल्या मधल्या कोडवर मात्र ती पडतही नाही आणि पासही होत नाही: पहिला थ्रेड लॉक धरून बॅरिअरपाशी उभा, दुसरा लॉकसाठी दाराबाहेर उभा, आणि पाच सेकंदांनी टाइमआउट.